पृथ्वीचा जमाखर्च: हवामानाचं मॉडेल आतून कसं चालतं

लोणावळ्यात वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून लोकलनं दीड तासावर असलेल्या शिवाजीनगरला ७०० ते ७५०. मधल्या साठ-पासष्ट किलोमीटरमध्ये पाऊस पाचपटीनं कमी होतो, आणि त्याचं कारण पुण्यातल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं: ढग घाटावर रिकामे होतात आणि पुणं पर्जन्यछायेत येतं. आता हाच भाग हवामानाच्या एखाद्या जागतिक मॉडेलमध्ये, म्हणजे अख्ख्या पृथ्वीच्या हवेचा आणि समुद्राचा हिशेब करणाऱ्या संगणक-प्रोग्रॅममध्ये, शोधायला जा. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत, म्हणजे आयआयटीएममध्ये, जे पृथ्वी-प्रणाली मॉडेल तयार झालं त्यात वातावरणाचा एक चौकोन साधारण २०० किलोमीटर रुंदीचा आहे. एवढ्या चौकोनात अलिबागचा समुद्र, कोकण, सह्याद्रीची धार, लोणावळा, पुणं आणि बारामती असं सगळं मावतं. या सगळ्याला मिळून पावसाचा आकडा एकच.

मग असलं मॉडेल घेऊन शंभर वर्षांनंतरच्या पृथ्वीबद्दल काय बोलायचं? बरंच बोलता येतं, आणि काही गोष्टी अजिबात बोलता येत नाहीत. कुठला आकडा कोणत्या जातीचा, हे मॉडेलच्या पोटात शिरल्याशिवाय कळत नाही.

एका शब्दाचा घोळ

मराठीत उद्याच्या पावसालाही हवामान म्हणतात आणि शंभर वर्षांच्या सरासरीलाही हवामानच. ‘हवामान अंदाज’ आणि ‘हवामान बदल’ या दोन्हींत एकच शब्द आहे. म्हणून हमखास विचारलं जातं, की परवाचा अंदाज चुकतो, तर २१०० सालचं काय सांगणार?

आषाढीच्या वारीचं उदाहरण घ्या. माउलींची पालखी पुण्यातला मुक्काम आटोपून दिवे घाटाच्या वाटेनं सासवडला निघते. त्या गर्दीतला एक वारकरी दुपारी तीन वाजता नेमका कुठे असेल, हे कुणी सांगू शकत नाही. तो चहाला थांबेल, पायाला फोड आला तर बसेल, दुसऱ्या दिंडीत मिसळेल. पण पालखी संध्याकाळी सासवडला पोचणार आणि घाटात सगळ्यांचाच वेग मंदावणार, हे आधी सांगता येतं. ते ठरवतो रस्ता, चढ आणि मुक्कामाचा क्रम.

रोजच्या हवेचा अंदाज हा एका वारकऱ्याचा माग आहे. तो सुरुवातीच्या नोंदीवर अवलंबून असतो आणि त्या नोंदीतली बारीक चूक वाढत जाते. १९६१ साली हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेंझ यांनी आपल्या छोट्या मॉडेलमध्ये ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ एवढाच आकडा भरला, आणि थोड्याच काळात दोन्ही उत्तरांचा एकमेकांशी संबंध उरला नाही. साधारण दोन आठवड्यांपलीकडे रोजचा अंदाज टिकत नाही तो याच कारणानं. हवामानाचं मॉडेल मात्र घाटाचा चढ तपासतं: सूर्याकडून किती ऊर्जा येते, हवेत कार्बन डायऑक्साइड किती, धूलिकण किती, जमिनीवर जंगल की शेती. चढ बदलला की सगळ्या दिंड्यांची चाल बदलते. ‘१४ जुलै २०६० ला पुण्यात पाऊस’ असं मॉडेलच्या फाइलमध्ये लिहिलेलं असतंच, पण त्या एका तारखेला काडीचा अर्थ नसतो. अर्थ असतो तो वीस-तीस वर्षांच्या जुलै महिन्यांच्या सरासरीला आणि चढउतारांना.

घरी करून पाहण्याजोगं सर्वांत छोटं मॉडेल

सगळ्या मॉडेलांच्या मुळाशी ऊर्जेचा जमाखर्च आहे. वातावरणाच्या माथ्यावर, सूर्याकडे सरळ तोंड करून ठेवलेल्या एक चौरस मीटरवर सुमारे १,३६१ वॅट पडतात. पृथ्वी गोल आहे आणि तिच्या अर्ध्या भागावर रात्र असते, त्यामुळे हा आकडा चौपट पृष्ठभागावर पसरतो आणि सरासरी ३४० उरते. त्यातलं सुमारे ३० टक्के ढग, बर्फ आणि वाळवंटं परत फेकतात. जमेला राहतात २४० वॅट. तेवढीच ऊर्जा अवरक्त किरणांच्या रूपानं बाहेर टाकायची, तर पृथ्वीचं तापमान उणे १८ अंश सेल्सिअस असायला हवं. प्रत्यक्षात सरासरी आहे अधिक १५ च्या आसपास. हा ३३ अंशांचा फरक पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि ढग यांच्या पांघरुणामुळे पडतो.

आता कार्बन डायऑक्साइड एकदम दुप्पट केला तर? बाहेर जाणारी ऊर्जा दर चौरस मीटरला जवळपास ३.९ वॅटनं अडते. पृथ्वी तापते, तापली की जास्त ऊर्जा बाहेर टाकते, आणि काही काळानं हिशेब पुन्हा जुळतो. हे स्प्रेडशीटमध्ये दहा मिनिटांत करता येतं. पहिल्या रकान्यात वर्ष लिहा, दुसऱ्यात तापमानवाढ. वर्ष शून्य, वाढ शून्य. पुढच्या प्रत्येक ओळीत हे सूत्र:

नवी वाढ = जुनी वाढ + ०.१६ × (३.९ − १.३ × जुनी वाढ)

कंसातलं १.३ म्हणजे पृथ्वी एक अंश तापली की दर चौरस मीटरला किती वॅट जास्त बाहेर टाकते तो आकडा. ०.१६ कुठून आलं? समुद्राचा वरचा सुमारे ७० मीटरचा थर एक अंशानं तापवायचा, आणि तो खर्च जमीन धरून अख्ख्या पृथ्वीवर वाटायचा, तर दर चौरस मीटरला साधारण २० कोटी ज्यूल लागतात. एका वर्षात सेकंद असतात सुमारे ३ कोटी १५ लाख. दुसऱ्याला पहिल्यानं भागलं की ०.१६ येतं.

सूत्र खाली ओढा. पहिल्या वर्षी ०.६२ अंश, दुसऱ्या वर्षी १.१२, पाचव्या वर्षी २.०७, दहाव्या वर्षी २.७१, आणि मग हळूहळू ३ च्या जवळ जाऊन आकडा थांबतो. खऱ्या पृथ्वीला याहून खूप जास्त वेळ लागतो, कारण उष्णता ७० मीटरवर न थांबता खोल समुद्रात मुरत जाते.

आता एक मुद्दाम चूक करून पाहा. वर्षावर्षाची पायरी घेण्यापेक्षा दहा-दहा वर्षांची घेऊ, काम लवकर उरकेल, असं ठरवा. ०.१६ च्या जागी १.६ लिहा. पहिल्या ओळीत ६.२४ अंश, दुसरीत उणे ०.५०, तिसरीत ६.७८, चौथीत उणे १.०८. आकडा ३ च्या वर-खाली झोके घेतो आणि प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा. भौतिकशास्त्र तेच, सूत्र तेच. फक्त पायरी लांब घेतली आणि पृथ्वी एका दशकात उकळली, दुसऱ्यात गोठली. मॉडेल चालवणारे याला ‘ब्लो-अप’ म्हणतात. मोठ्या मॉडेलमध्ये बिघाड होतो तेव्हा बहुतेक वेळा तो याच जातीचा असतो.

खण, थर आणि पायऱ्या

खऱ्या मॉडेलमध्ये पृथ्वीचे तुकडे पाडतात. वाड्याचे खण असतात तसे हे खण, पण वर आकाशात आणि खाली समुद्रातही. १०० किलोमीटरचा खण धरला तर पृथ्वीच्या ५१ कोटी चौरस किलोमीटरवर सुमारे ५१,००० खण बसतात. प्रत्येकाच्या डोक्यावर वातावरणाचे ६० थर धरले तर तीस लाखांहून जास्त डबे झाले. प्रत्येक डब्यात वाऱ्याचा वेग, तापमान, दाब, आर्द्रता, ढगातलं पाणी आणि बर्फ असे आकडे असतात. आयआयटीएमच्या मॉडेलमध्ये वातावरणाचे ६४ थर आहेत आणि समुद्राचे ५०. समुद्राचा खण एक अंशाचा, आणि विषुववृत्ताजवळ तो एक तृतीयांश अंशापर्यंत बारीक केला आहे, कारण एल निनोचा खेळ त्याच पट्ट्यात चालतो आणि आपल्या मान्सूनचा त्याच्याशी थेट संबंध आहे.

आता पायरी किती लांब घ्यायची? कूरांट, फ्रीडरिक्स आणि लेवी या गणितज्ञांनी १९२८ साली सांगितलेला नियम इथे लागू होतो: एका पायरीत वाऱ्यानं किंवा लाटेनं एका खणापेक्षा जास्त अंतर कापता कामा नये. वातावरणातल्या सर्वांत वेगवान लाटा सेकंदाला ३०० मीटरच्या घरात धावतात, म्हणजे १०० किलोमीटरचा खण साडेपाच मिनिटांत पार. या लाटांचं गणित वेगळ्या पद्धतीनं सोडवून पायरी १५-२० मिनिटांपर्यंत ताणता येते. २० मिनिटांची पायरी म्हणजे एका वर्षाला २६,२८० पायऱ्या, शतकाला सव्वीस लाख. प्रत्येक पायरीला तीस लाख डबे.

खण निम्मा केला तर? लांबीत दुप्पट, रुंदीत दुप्पट खण, आणि पायरी निम्मी. काम आठपट होतं. थरही दुप्पट केले तर सोळापट. ‘जरा बारीक ग्रिड (खणांची जाळी) का नाही घेत?’ या प्रश्नाचं उत्तर हे आहे.

प्रत्येक पायरीत आधी वारा, दाब आणि तापमान यांची समीकरणं सोडवतात. ही न्यूटनच्या नियमांची आणि ऊर्जा अक्षय्यतेची समीकरणं, त्यांच्याबद्दल वाद नाही. मग किरणांचा हिशेब. तो इतका खर्चिक असतो, की दर पायरीला न करता बहुधा तासातासानं किंवा तीन तासांनी करतात. मग ढग, पाऊस, जमिनीलगतची घुसळण, मातीतला ओलावा, झाडांचं बाष्पोत्सर्जन. समुद्राचं आणि समुद्री बर्फाचं मॉडेल स्वतंत्र चालतं. ‘कपलर’ नावाचा प्रोग्रॅम ठरावीक वेळानं दोघांची देवाणघेवाण करतो: वातावरणाकडून समुद्राला वारा, ऊन आणि पाऊस, समुद्राकडून वातावरणाला पृष्ठभागाचं तापमान. समुद्राचा फक्त वरचा अडीच मीटरचा थर सगळ्या वातावरणाएवढी उष्णता धरतो, म्हणून हा व्यवहार थोडा जरी चुकला तरी शंभर वर्षांत त्याचा डोंगर होतो.

ढगांची अडचण

या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही.

खणापेक्षा लहान जे काही आहे, ते मॉडेलला दिसत नाही. उन्हाळ्यात दुपारी पुण्यावर चढणारा वळिवाचा ढग काही किलोमीटर रुंद असतो. त्यातले थेंब तर दहा मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे, आणि असे दहा लाख थेंब एकत्र आल्यावर एक मिलिमीटरचा पावसाचा थेंब होतो. हे २०० किंवा १०० किलोमीटरच्या खणात कसं आणायचं? ढग वगळून तर चालणार नाही, कारण पाऊस आणि किरणांचा हिशेब दोन्ही त्यांच्याच हातात. मग खणाच्या सरासरीवरून ढगांचा अंदाज बांधणारी सूत्रं वापरतात. याला पॅरामीटरायझेशन म्हणतात. जमाखर्चाच्या वहीत काही ओळी पावती पाहून लिहिलेल्या असाव्यात आणि काही ‘किरकोळ खर्च, अंदाजे’ म्हणून, तसा हा प्रकार. इथला किरकोळ खर्च मात्र किरकोळ नसतो.

या सूत्रांमध्ये फिरवता येणारे खटके असतात. खणातली सापेक्ष आर्द्रता किती टक्क्यांवर गेली की ढग धरायला सुरुवात करायची? ढगात पाणी किती साचलं की पाऊस पाडायचा? बर्फाचे कण किती वेगानं खाली येतात? आणि सर्वांत नाजूक खटका म्हणजे वर चढणाऱ्या ढगात आजूबाजूची कोरडी हवा किती शिरते. कोरडी हवा कमी शिरू दिली तर ढग सहज उंच वाढतात आणि मॉडेल जिकडेतिकडे पाऊस पाडत सुटतं. जास्त शिरू दिली तर ढग अर्ध्यातच विरतात. पुष्कळ मॉडेलांत पाऊस फार वेळा आणि फार हलका पडतो, रोजची भुरभुर; मुसळधार सर मात्र येत नाही. एकूण मिलिमीटर जुळतात, पण शेतात पाणी कसं मुरेल आणि ओढ्याला पूर येईल का, हे त्यातून कळत नाही.

या खटक्यांना आकडे कुठून मिळतात? प्रत्यक्ष ढगात जाऊन. आयआयटीएमनं २००९ पासून विमानं ढगांत पाठवून थेंबांची मोजमापं केली, आणि महाबळेश्वरला संस्थेची ढगांची प्रयोगशाळा आहे. पावसाळ्यात तिथे ढग जमिनीलाच टेकतो, त्यामुळे उपकरणं गच्चीवर ठेवून ढग मोजता येतो.

तरीही सगळे आकडे मोजून मिळत नाहीत. उरलेले जुळवून घ्यावे लागतात, आणि हे उघडपणे सांगायला हवं. पहिली अट अशी, की १८५० च्या, म्हणजे माणसानं हवेत फारसा कार्बन डायऑक्साइड सोडण्याआधीच्या, स्थितीत वातावरणाच्या माथ्यावरचा जमाखर्च शून्याजवळ यावा. दर चौरस मीटरला एखादा वॅट जरी सतत शिल्लक राहिला तर काहीही न बदलता मॉडेलची पृथ्वी आपोआप तापत जाते. आयआयटीएमच्या मॉडेलच्या पहिल्या आवृत्तीत हा मेळ नीट बसत नव्हता, दुसऱ्या आवृत्तीत तो सुधारला. हे मॉडेल मुळात हंगामी अंदाजाच्या अमेरिकी मॉडेलवरून घडवलेलं आहे. चार महिन्यांच्या अंदाजात अशी गळती खपून जाते, शंभर वर्षांच्या हिशेबात खपत नाही.

जुळवाजुळव म्हणजे हवं ते उत्तर काढणं, अशी शंका येणं स्वाभाविक आहे. पण खटके वीस-तीस आणि तपासायच्या गोष्टी शेकडो. तोकडं पांघरूण डोक्यावर ओढलं की पाय उघडे पडतात, तसं मध्य भारताचा पाऊस वाढवायला गेलं तर हिंदी महासागरावरचा बिघडतो. मध्य भारतावर गरजेपेक्षा कमी पाऊस दाखवणं हा या घराण्यातल्या मॉडेलांचा जुना दोष आहे. कित्येक वर्षं मेहनत घेऊन तो कमी झालाय, गेलेला नाही.

खण बारीक केला की ढगांचा प्रश्न सुटतो का? मे २०२५ मध्ये सुरू झालेली भारत फोरकास्ट सिस्टीम रोजच्या अंदाजासाठी ६ किलोमीटरचा खण वापरते; तीही आयआयटीएममध्येच घडली. एवढ्या खणात सह्याद्री सह्याद्रीसारखा दिसू लागतो. पण १ ते १० किलोमीटरच्या मध्ये एक अवघड पट्टा आहे. तिथे मोठा ढग मॉडेलला अर्धवट दिसतो. सूत्रही त्याचा हिशेब धरतं आणि समीकरणंही, मग एकच ढग दोनदा मोजला जाण्याची भीती असते. ते टाळायला खणाच्या आकाराप्रमाणे सूत्राचा जोर कमी-जास्त करावा लागतो.

चालवायचं कसं

मॉडेलचा कोड लाखो ओळींचा, बराचसा फोर्ट्रानमध्ये. जुनी भाषा, पण आकडेमोडीला अजूनही तिला तोड नाही. पृथ्वीचे तुकडे करून हजारो प्रोसेसरांना वाटून देतात. भाऊबंदकीत शेताची वाटणी होते तसंच: प्रत्येकाचं रान वेगळं, पण पाणी बांधावरून पलीकडे जातं, म्हणून दर पायरीला प्रत्येक प्रोसेसरला शेजाऱ्याच्या बांधालगतचे आकडे मागवावे लागतात. तुकडे फार बारीक केले तर कामापेक्षा ही विचारपूसच जास्त होते. महासंगणकाची कागदावरची ताकद आणि हवामानाच्या मॉडेलला मिळणारी ताकद यांत मोठी तफावत पडते ती बरीचशी यामुळे. पाषाणला सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या ‘अर्क’ या महासंगणकाची कागदावरची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप्स आहे; एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्यं एवढ्या आकडेमोडी. जगातल्या आठ अब्ज माणसांनी सेकंदाला एक याप्रमाणे अखंड बेरजा केल्या, तर अर्कच्या एका सेकंदाएवढं काम व्हायला सतरा दिवस लागतील. त्याआधी २०१८ पासून तिथे ४ पेटाफ्लॉप्सचा ‘प्रत्युष’ होता.

सुरुवात थेट १८५० पासून करता येत नाही. आधी मॉडेलच्या समुद्राला स्थिरावू द्यावं लागतं. खोल समुद्राला वरच्या बदलाची खबर पोचायला शतकं लागतात, म्हणून कार्बन डायऑक्साइड १८५० च्या पातळीवर, म्हणजे दहा लाखांत सुमारे २८५ भाग, कायम ठेवून मॉडेल काही शतकं नुसतं चालवतात. याला ‘स्पिन-अप’ म्हणतात. दिवसाला मॉडेलची दहा वर्षं असा वेग धरला तर ५०० वर्षांना ५० दिवस. त्यानंतर १८५० ते २०१४ हा इतिहास: प्रत्यक्षात मोजलेले वायू, ज्वालामुखी, सूर्याचे चढउतार भरून. मग पुढची शक्य चित्रं, म्हणजे जगानं कोळसा-तेल किती जाळलं तर काय होईल. हे आकडे मॉडेल ठरवत नाही, माणसं ठरवतात. आणि प्रत्येक चित्र सुरुवात किंचित बदलून अनेकदा चालवतात, म्हणजे लॉरेंझच्या गोंधळाचा भाग कोणता आणि खरा बदल कोणता हे वेगळं काढता येतं.

मध्येच मॉडेल कोसळतं. बहुधा एखाद्या उभ्या डोंगरकड्याशी वाऱ्याचा वेग मर्यादेबाहेर जातो आणि पुढच्या पायरीला सगळे आकडे बाद होतात. म्हणून ठरावीक काळानं पूर्ण स्थितीची नोंद, म्हणजे रिस्टार्ट फाइल, साठवून ठेवतात. शेवटच्या चांगल्या फाइलपासून पायरी निम्मी करून तेवढा महिना पार करायचा, की गाडी पुन्हा रुळावर. प्रोसेसरांची संख्या किंवा कंपायलर (कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम) बदलला की बेरजेचा क्रम बदलतो, शेवटच्या दशांशात फरक पडतो, आणि काही आठवड्यांनी मॉडेलची रोजची हवा पूर्ण वेगळी होते. सरासरी तीच राहिली तर काळजी नाही. ती बदलली तर कोडमध्ये चूक आहे असं समजून शोधायला लागायचं.

भरवसा कशाच्या जोरावर

स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदरल्ड या शास्त्रज्ञांनी १९६७ साली हवेच्या एकाच उभ्या स्तंभाचं मॉडेल केलं. कार्बन डायऑक्साइड दुप्पट केल्यावर जमीन सुमारे २.३ अंशांनी तापेल आणि त्याच वेळी वरचा स्थितांबर, म्हणजे ढगांच्याही वरचा हवेचा थर, थंड होईल, असं त्यातून निघालं. सूर्य तापल्यामुळे तापमानवाढ असती तर वर-खाली दोन्हीकडे तापलं असतं. नंतरच्या दशकांत बलून आणि उपग्रहांच्या नोंदींत खाली ऊब, वर गारवा असंच चित्र आलं. मानाबे यांना २०२१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. १९९१ मध्ये फिलिपिन्समधला पिनातुबो ज्वालामुखी फुटला, तेव्हा जग सुमारे अर्ध्या अंशानं थंड होईल असं मॉडेलवरून आधीच सांगितलं गेलं, आणि तसंच झालं.

मतभेद कुठे आहेत तेही पाहा. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यावर शेवटी तापमान किती वाढेल, याचं उत्तर जगभरातल्या ताज्या पिढीच्या मॉडेलांत १.८ पासून ५.६ अंशांपर्यंत येतं. एवढी तफावत मुख्यतः ढगांच्या सूत्रांमुळे. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरच्या समितीच्या २०२१ च्या अहवालानं जुन्या हिमयुगांचे पुरावे आणि प्रत्यक्ष नोंदी मिळवून हा पट्टा २.५ ते ४ असा अरुंद केला आणि ३ हा सर्वांत संभाव्य आकडा धरला. वरच्या स्प्रेडशीटमधलं १.३ त्यावरूनच आलेलं आहे: ३.९ भागिले ३.

मान्सूनच्या बाबतीत गोष्ट आणखी अवघड होते. हरितवायू वाढले की हवेत बाष्प वाढतं आणि पाऊस वाढायला हवा. पण कोळशाच्या धुरातले सल्फेटचे कण ऊन अडवतात, जमीन कमी तापते, आणि जमीन-समुद्रातला फरक घटून मान्सून दुबळा होतो. १९५१ ते २०१५ या काळात देशाचा मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला, त्यामागे या कणांचा मोठा हात धरला जातो. दोन जोर उलट दिशांना ओढत असताना मॉडेलांची उत्तरं विखुरणारच. म्हणून तापमानाच्या आकड्यावर जेवढा विश्वास ठेवावा तेवढा पावसाच्या आकड्यावर ठेवू नये.

फाइल हातात आल्यावर

मॉडेलांचे निकाल कुणालाही मोफत उतरवून घेता येतात, नेटसीडीएफ नावाच्या प्रकारात. एका अंशाच्या ग्रिडवर रोजच्या पावसाचं एक वर्ष म्हणजे जवळपास ९५ एमबी. १८५० ते २०१४ चा इतिहास १५ जीबीच्या वर जातो. तेव्हा पूर्ण जग न घेता आपला भाग तेवढा कापून घ्यावा.

नवशिक्यांच्या ठरलेल्या चुका आहेत. पाऊस मिलिमीटरमध्ये नसतो, दर चौरस मीटरला दर सेकंदाला किलोग्रॅममध्ये असतो. त्याला ८६,४०० नं गुणलं की रोजचे मिलिमीटर मिळतात, फाइलमधलं ०.०००१ म्हणजे दिवसाला ८.६४ मिलिमीटर. तापमान केल्विनमध्ये, २७३.१५ वजा करायला विसरू नका. काही मॉडेलांच्या वर्षात लीप दिवस नसतो, आणि काहींचं वर्ष ३६० दिवसांचं असतं, सगळे महिने तीस दिवसांचे, म्हणजे ३० फेब्रुवारीही येते. पुण्याचे अक्षांश-रेखांश, १८.५ आणि ७३.९, टाकून जवळचा खण घेतला तर तो जमिनीचा आहे की समुद्राचा हे आधी तपासा. किनाऱ्यापासून आपण फार लांब नाही.

मग तुलना. भारतीय हवामान विभागाच्या पुणे कार्यालयानं १९०१ पासूनच्या रोजच्या पावसाची पाव अंशाच्या, म्हणजे साधारण २७ किलोमीटरच्या ग्रिडवरची नोंद तयार केली आहे. मॉडेलचा इतिहास त्याच्याशेजारी ठेवा: जूनमध्ये पाऊस वेळेवर चढतो का, जुलैचा आकडा किती कमी पडतो, कोरडे खंड किती लांब आहेत.

समजा, खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांचं पुढचं नियोजन करायचंय. त्यांचं पाणलोट क्षेत्र २०० किलोमीटरच्या खणाच्या एका कोपऱ्यात मावतं, त्यामुळे मॉडेलचा पाऊस जसाच्या तसा वापरला तर घाटमाथ्याचा पाऊस हातातून निसटतो आणि धरणं कधी भरतच नाहीत असं उत्तर येतं. म्हणून मॉडेलमधून घ्यायचा तो बदल: १९८१-२०१० च्या तुलनेत २०४१-२०७० मध्ये किती टक्के कमी-जास्त, महिन्यागणिक, आणि एका मॉडेलवरून नाही, दहा-पंधरा मॉडेलांवरून. तो बदल पाणलोटातल्या पर्जन्यमापकांच्या खऱ्या नोंदींना लावायचा. मॉडेल अर्धी एका दिशेला आणि अर्धी दुसऱ्या दिशेला गेली, तर सरासरी काढून ‘बदल शून्य’ असं लिहू नका. दोन्ही टोकं धरून आराखडा तपासा. मधल्या मापाचं काम हवं असेल तर प्रादेशिक मॉडेलं आहेत. दक्षिण आशियासाठी ५० किलोमीटरच्या खणाची अशी गणितं आयआयटीएमच्या पुढाकारानं झालेली आहेत. पण त्यांच्या कडांवर जागतिक मॉडेलचेच आकडे भरलेले असतात, त्यामुळे वरच्याची चूक खाली उतरतेच.

सरसकट टक्के लावण्याची ही युक्ती महिन्याच्या पावसाला चालते, तासाभराच्या पावसाला नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या बाजूला कोसळलेल्या पावसानं आंबिल ओढ्याला जो पूर आणला, तसा पाऊस काही किलोमीटरवर आणि काही तासांत पडतो. जागतिक मॉडेलच्या कुठल्याही खणात तो उमटत नाही. तिथे हाताशी उरतो तो बाष्पाचा नियम: हवा एका अंशानं तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. नाल्याची रुंदी आणि पुलाच्या मोऱ्या ठरवताना मोसमी सरासरी ५ टक्के वाढणार की घटणार हा आकडा बाजूला ठेवून, तासाच्या पावसाच्या जुन्या नोंदींतला सर्वांत मोठा आकडा घ्यावा आणि त्यावर दर अंशाला किमान ७ टक्के चढवून गणित मांडावं.